क्रोन्स आणि स्टिरॉइडची गोळी : वाचकांचे प्रश्न

क्रोन्स या आतड्याच्या आजारात तोंडाने स्टिरॉइड घेणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली आहेत. कुणाला गोळी सुरू करायची धास्ती आहे, तर कुणाला ती सुटत नाही याची. उत्तरांतले डोस प्रौढांसाठी नेहमी वापरले जाणारे आहेत. तुमच्या चिठ्ठीवर वेगळा आकडा असेल तर डॉक्टरांना त्याचं कारण विचारा, पण स्वतःहून बदल करू नका.

प्रश्न : माझ्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्स आहे. ब्युडेसोनाइडच्या ३ मिग्रॅच्या तीन कॅप्सूल रोज सकाळी एकदम घ्यायला सांगितल्यात. माझ्या मावसभावाला हाच आजार आहे, पण त्याला प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ दिलंय. माझा डोस इतका कमी कसा? आणि कॅप्सूल गिळायला जड जाते, फोडून घेतली तर चालेल का?

उत्तर : दोन्ही स्टिरॉइडच आहेत, पण त्यांची मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून तुलना होत नाही. प्रेडनिसोलोन रक्तावाटे सगळ्या शरीरात फिरतं. आतड्याला जे मिळतं तेच हाडांना, डोळ्यांना, त्वचेलाही मिळतं. ब्युडेसोनाइडची घडण निराळी आहे. कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि त्यांच्यावर जठरातल्या आम्लात न विरघळणारा थर असतो. जठर ओलांडल्यावर हा थर सुटतो आणि औषध मुख्यतः लहान आतड्याच्या शेवटाला आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या, सुरुवातीच्या भागाला मिळतं. तिथून शोषल्या गेलेल्या औषधातला सुमारे ९० टक्के भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं, त्यामुळे बाकीच्या शरीराला त्याची झळ कमी लागते.

तुमचा आजार नेमका त्याच भागात आहे. तो सौम्य किंवा मध्यम असेल तर ९ मिग्रॅ हा पुरेपूर डोस आहे, कमी नाही. आजार मोठ्या आतड्यात खालपर्यंत पसरलेला असेल तर ही कॅप्सूल तिथवर पुरत नाही. आणि आजार तीव्र असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर प्रेडनिसोलोनचा जोरच लागतो. मावसभावाच्या बाबतीत यातलंच एखादं कारण असणार.

दाणे चावायचे किंवा कुटायचे मात्र अजिबात नाहीत. थर फुटला की औषध वरच सुटतं आणि आजाराच्या जागी पोचतच नाही. काही कंपन्यांच्या कॅप्सूल उघडून दाणे मऊ पदार्थावर टाकून न चावता गिळता येतात, पण सगळ्यांच्या नाही. पाकिटातल्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट बघून घ्या. ब्युडेसोनाइडचाच एक प्रकार मोठ्या आतड्यात सुटेल असा केलेला असतो, तो अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारासाठी. दुकानातून औषध घेताना नाव जुळलं म्हणून समाधान मानू नका, प्रकारही जुळतो का ते पाहा.

ब्युडेसोनाइड निकामी करण्याचं यकृताचं काम बंद पाडणारी काही औषधं आहेत : बुरशीवरची केटोकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, एचआयव्हीसाठीचं रिटोनाविर. ग्रेपफ्रूटचा रसही त्यात येतो. यातलं काही सोबत असेल तर ब्युडेसोनाइड रक्तात साचतं आणि 'सौम्य' स्टिरॉइड घेऊनही चेहरा गोल होतो, साखर वाढते. ब्युडेसोनाइडचा नेहमीचा क्रम असा : ९ मिग्रॅ साधारण ८ आठवडे, मग ६ मिग्रॅ दोन आठवडे, ३ मिग्रॅ दोन आठवडे आणि बंद.

प्रश्न : प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ सुरू होऊन आठवडा झाला. पोटदुखी गेली, शौचाला दिवसातून दोनदाच जावं लागतं, भूक लागते. इतकं बरं वाटत असताना ही गोळी आणखी दोन-तीन महिने कशासाठी? आताच सोडली तर?

उत्तर : सोडू नका. याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकमेकांपासून वेगळी आहेत.

पहिलं कारण आतड्याचं. स्टिरॉइड सूज फार लवकर उतरवतं, म्हणून तुम्हाला आठवड्यात फरक पडला. पण त्रास थांबणं आणि आतड्यातले व्रण भरणं या दोन गोष्टी बरोबर चालत नाहीत. बऱ्याच रुग्णांत त्रास संपलेला असतानाही दुर्बिणीतून पाहिलं तर व्रण तसेच दिसतात. अशा वेळी गोळी अचानक बंद केली की आजार पुन्हा उसळतो.

दुसरं कारण मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं. त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात. बाहेरून भरपूर स्टिरॉइड मिळू लागलं की मेंदूकडून त्यांना येणारा हुकूम थांबतो आणि त्या सुस्तावतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ गोळी चालली असेल तर त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ द्यावाच लागतो.

डोस उतरवण्याची एक नेहमीची रीत सांगतो. ४० मिग्रॅ दोन आठवडे. नंतर दर आठवड्याला ५ मिग्रॅ कमी : ३५, ३०, २५, २०. मग १५, १०, ५ आणि बंद. असे एकूण नऊ आठवडे होतात. २० च्या खाली आजार किंवा शरीर कुरकुर करत असेल तर दर आठवड्याला अडीच मिग्रॅ उतरवतात, मग तेरा आठवडे लागतात. फार रेंगाळण्यातही अर्थ नाही. महिनोन्‌महिने १० मिग्रॅवर बसून राहिल्याने क्रोन्स आटोक्यात राहत नाही, दुष्परिणाम मात्र साचत जातात.

घोटाळा होतो तो बहुतेकदा गोळ्या मोजण्यात. घरात २०, १० आणि ५ मिग्रॅच्या पट्ट्या एकत्र असतात. डॉक्टर सांगतात 'दर आठवड्याला एक गोळी कमी', त्यांच्या मनात ५ ची गोळी असते आणि रुग्ण १० ची काढून टाकतो. कागदावर तारीख आणि त्या दिवसाचे मिलिग्रॅम लिहा, गोळ्यांची संख्या नको. दुसरा घोटाळा मिथाइलप्रेडनिसोलोनचा. त्याचे ४ मिग्रॅ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. चिठ्ठी बदलून ४० च्या जागी ३२ आलं तर डोस कमी झालेला नसतो, तो तेवढाच असतो. उलट जुना आकडा धरून मिथाइलप्रेडनिसोलोन ४० घेतलं तर प्रत्यक्षात ५० पोटात जातात.

पूर्ण डोस सकाळी खाल्ल्यावर एकदम घ्या. संध्याकाळी घेतलेली गोळी झोप घालवते. क्रोन्समध्ये, विशेषतः जुलाब जोरात असताना, आतड्यातच विरघळणाऱ्या थराच्या प्रेडनिसोलोनपेक्षा साधी गोळी बरी. थराची गोळी कधी उशिरा शोषली जाते, कधी पुरती शोषलीच जात नाही.

प्रश्न : डोस १० वरून ५ वर आणला आणि तीन दिवसांत सांधे, पाठ, मांड्या भरून आल्या. थकवा इतका की उठवत नाही. आजार परत आला म्हणायचं का? परत १० घेऊ का?

उत्तर : शौचाकडे बघा. दिवसातल्या खेपा तेवढ्याच आहेत, रात्री उठावं लागत नाही, रक्त किंवा आव नाही आणि दुखतंय ते अंग, पोट नाही, तर हा बहुधा स्टिरॉइड कमी झाल्याचा त्रास आहे. शरीर एरवी रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते साधारण ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनच्या आसपास भरतं. त्यामुळे ग्रंथी जागी झालेली नसेल तर तिची उणीव नेमकी याच टप्प्यावर जाणवू लागते. आजार उसळला तर खेपा वाढतात, रात्रीची झोपमोड होते, खाल्ल्यावर कळ येते, वजन उतरतं. रक्तातलं सीआरपी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन ही सुजेची मापं तपासली की अंदाज पक्का होतो. कॅलप्रोटेक्टिन दर ग्रॅमला १५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्यात मोठी सूज असण्याची शक्यता कमी.

डॉक्टरांशी बोलून साडेसातवर जा, तिथे दोन आठवडे थांबा आणि मग एक-एक किंवा अडीच मिग्रॅने उतरा. पुन्हा ४० वर उडी मारायची गरज नसते. ग्रंथीबद्दल शंका राहिली तर सकाळी आठ-नऊच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करतात. रक्त त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यायचं, कारण प्रेडनिसोलोन या तपासणीत मिसळून आकडा फुगवतं.

उलट्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब घसरणं, गुंगी यांतलं काही असेल तर मात्र थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. पोटदुखी आणि उलट्या कॉर्टिसॉल कमी पडल्यानेही होतात आणि घरचे त्याला क्रोन्सच समजून बसतात. तिथे जीवावर बेतू शकतं.

प्रेडनिसोलोनवरून ब्युडेसोनाइडवर नेलेल्यांनाही हाच त्रास होतो. आतड्याला औषध मिळत असतं, बाकी शरीराला अचानक मिळेनासं होतं. म्हणून ब्युडेसोनाइड सुरू केल्यावरही प्रेडनिसोलोन हळूहळूच उतरवायचं.

प्रश्न : दोन वर्षांत स्टिरॉइडचा हा तिसरा कोर्स. दर वेळी १५ पर्यंत सगळं छान असतं, १० च्या खाली गेलं की जुलाब सुरू. आता डॉक्टर अझाथायोप्रीन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) किंवा इंजेक्शनबद्दल बोलतात. त्या औषधांची भीती वाटते. १० मिग्रॅवर कायम राहिलं तर काय बिघडतं?

उत्तर : बरंच बिघडतं, आणि या पानावर आम्हाला सर्वांत आवर्जून सांगायचंय ते हेच.

तुमच्या स्थितीला स्टिरॉइडवर अवलंबून राहणं म्हणतात. सुरू केल्यापासून तीन महिन्यांत डोस १० मिग्रॅच्या खाली नेता येत नाही, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार परततो, अशी त्याची व्याख्या आहे. ही काही तुमची चूक नाही आणि दुर्मीळही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यातल्या क्रोन्सच्या रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला स्टिरॉइड कोर्स घेतलेल्यांपैकी महिनाभरात ५८ टक्के पूर्ण बरे वाटण्याच्या अवस्थेत आले. पण वर्षाअखेरीस ३२ टक्क्यांतच तो फायदा टिकला होता, २८ टक्के स्टिरॉइडवर अवलंबून झाले होते आणि ३८ टक्क्यांना शस्त्रक्रिया करावी लागली होती. नवी औषधं सर्रास वापरात येण्याआधीचे हे आकडे आहेत, आणि म्हणूनच ते नुसत्या स्टिरॉइडची गोष्ट स्पष्ट सांगतात. स्टिरॉइड आग विझवतं, घर राखत नाही. क्रोन्स शांत ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही.

१० मिग्रॅ लहान वाटतात, पण वर्षभर घेतल्यावर हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, त्वचा पातळ होते, साखर आणि रक्तदाब वाढतो. जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. ज्या इंजेक्शनांची भीती वाटते त्यांच्या तुलनेत गंभीर संसर्गाच्या बाबतीत दीर्घकाळचं स्टिरॉइड मुळीच निर्धोक नाही, कित्येकदा तेच जास्त घातक ठरतं. तुमच्या भीतीची दिशा बदलायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

अझाथायोप्रीनचा परिणाम दिसायला दोन ते तीन महिने, कधी जास्त लागतात. म्हणून ते स्टिरॉइड चालू असतानाच सुरू करतात, स्टिरॉइड संपल्यावर नाही. डोस वजनाच्या किलोमागे २ ते अडीच मिग्रॅ. आधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या, शरीर हे औषध कसं पचवतं ते सांगणाऱ्या तपासण्या झाल्या तर पांढऱ्या पेशी धोकादायक घसरणारे रुग्ण आधीच ओळखता येतात. त्या झाल्या तरी सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी रक्ततपासणी चुकवायची नाही. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांच्यासारखी इंजेक्शनं काही आठवड्यांतच काम करू लागतात आणि व्रण भरण्यातही स्टिरॉइडपेक्षा पुढे आहेत. वेडोलिझुमॅब आणि उस्टेकिनुमॅब हे आणखी पर्याय. कुठलं निवडायचं ते आजार कुठे आहे, फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे फुटलेली वाट) आहे का, तुमचं वय किती, यावर ठरतं.

चौथा कोर्स सुरू करण्याआधी एक प्रश्न मात्र विचाराच : हा त्रास खरोखर सुजेचाच आहे का? आतडं जखमेच्या वणाने आखडलं असेल तर तिथे स्टिरॉइडचा उपयोग नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग कापलेला असेल तर पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरून जुलाब होतात, त्यावर कोलेस्टायरमिनसारखं वेगळंच औषध आहे. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचा संसर्गही हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. शौचाची तपासणी, कॅलप्रोटेक्टिन आणि गरज पडली तर एमआर एंटेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) किंवा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाल्याशिवाय डोस वाढवू नये.

प्रश्न : उद्यापासून प्रेडनिसोलोन सुरू होणार आहे. आधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात? आईला मधुमेह आहे, मला नाही.

उत्तर : सर्वांत आधी ताप आणि पोटात एकाच जागी दुखरी गाठ किंवा ठणका नाही ना, ते डॉक्टरांना दाखवा. पोटात पू साठलेला असताना स्टिरॉइड देणं धोक्याचं. आधी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. स्टिरॉइड चालू असताना आतडं फुटलं तरी पोट मऊच लागतं आणि ताप फारसा चढत नाही. त्यामुळे या काळात 'थोडंसंच दुखतंय' यावर विसंबू नका.

क्षयरोगाची तपासणी, म्हणजे छातीचा एक्स-रे आणि इग्रा ही रक्ताची किंवा त्वचेची चाचणी, पहिल्या गोळीच्या आधी झालेली उत्तम. नंतर केली तर स्टिरॉइडमुळे ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि पुढे इंजेक्शनं सुरू करताना अडतं. हेपटायटिस बीची तपासणीही त्यातच उरकून घ्या. राहिलेल्या लसींचं डॉक्टरांशी बोलून घ्या. रोज २० मिग्रॅ किंवा अधिक डोस दोन आठवडे चालला की जिवंत विषाणूंच्या लसी घेता येत नाहीत, बंद केल्यावरही महिनाभर थांबावं लागतं.

आईला मधुमेह आहे म्हणून तुमची साखर बघायला हवीच, पण ती सकाळी उपाशीपोटी बघून फसू नका. सकाळच्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी तपासा.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून घ्या. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. कोर्स तीन महिन्यांच्या पुढे जाणार असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. जांघेत किंवा नितंबात सतत दुखू लागलं तर खुब्याच्या सांध्याचा एमआरआय करून घ्या, स्टिरॉइडमुळे तिथलं हाड रक्तावाचून मरू शकतं. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालेल. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक नको, स्टिरॉइडबरोबर त्यांनी जठरात व्रण होतात आणि क्रोन्सही चिघळू शकतो.

मनावरचा परिणाम घरच्यांना आधीच सांगून ठेवा. काहींना पहिल्या आठवड्यात विलक्षण उत्साह येतो, बोलणं थांबत नाही. काहींची चिडचिड होते, रडू येतं. मनात टोकाचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे, नुकतंच निदान झालं. त्यालाही स्टिरॉइडच का?

उत्तर : मुलांमध्ये पहिला पर्याय बहुधा संपूर्ण द्रव पोषण हा असतो. सहा ते आठ आठवडे बाकी काही न खाता डॉक्टरांनी ठरवलेलं पोषक द्रवच घ्यायचं. आजार शांत करण्यात ते स्टिरॉइडच्या तोडीचं आहे, व्रण भरण्यात सरस आहे आणि उंची खुंटत नाही. फार चिकाटी लागते, पण याबद्दल मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांना जरूर विचारा.

प्रश्न : दिवस गेले आहेत आणि प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ चालू आहे. बंद करावं का?

उत्तर : स्वतःहून नाही. प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वार निकामी करते, बाळापर्यंत थोडाच पोचतो. गरोदरपणात आजार उसळणं बाळाला जास्त अपायकारक असतं. साखर आणि रक्तदाबाची तपासणी मात्र अधिक वेळा लागेल.

प्रश्न : गोळी घेतली आणि थोड्या वेळाने उलटी झाली तर? ताप आला तर? पुढच्या महिन्यात दाताची शस्त्रक्रियाही आहे.

उत्तर : अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा घ्या. तोही पडला तर थांबायचं नाही, रुग्णालयात जाऊन हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन घ्यावं लागतं. एखादा डोस विसरला आणि त्याच दिवशी आठवला तर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

तापात शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागतं आणि तुमची ग्रंथी ते देऊ शकत नाही. रोजचा डोस १० मिग्रॅ किंवा जास्त असेल तर सहसा तो पुरतो, फक्त दोन वेळांत विभागून घेतात. १० च्या खाली असाल तर आजारपणापुरता ५ मिग्रॅ दोनदा, असा सल्ला देतात. आताच डॉक्टरांकडून हे लिहून घ्या, ताप आल्यावर शोधाशोध नको. कांजिण्या झालेल्या माणसाच्या संपर्कात आलात आणि तुम्हाला त्या कधी झाल्या नसतील, तर पुरळ यायची वाट न पाहता लगेच फोन करा.

दंतवैद्यांना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना औषधाचं नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख सांगा. गोळी बंद होऊन वर्ष उलटलं नसेल तरीही सांगा. या तिन्ही गोष्टी आणि 'अचानक बंद करू नये' एवढी ओळ लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा आणि डोस बदलला की त्यावरचा आकडा त्याच दिवशी बदला.